बटण म्हणून मिरवणाऱ्या डिव्हरावांस खुले पत्र

रा. रा. डिव्हराव यांस,
सा. न. वि. वि.

माझी मीठभाकर आपल्या कृपेवर चालते, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

आपण एचटीएमएलमधला 'डिव्ह' हा घटक; वेबपानाला कप्पे पाडून देणं हे आपलं मूळ काम. पण डिझायनरांनी आपल्याला निळा रंग फासला, कोपरे गोल केले, खाली सावली सोडली. जावास्क्रिप्टवाल्यांनी कानात सांगितलं, 'क्लिक झालं की पैसे पाठव.' झालं, आपण बटण झालात! बहुरूपीही पोलिसाच्या वेषात दारात येऊन दरडावतो, पण शेवटी हसून बिदागी मागतो. आपण सोंग उतरवतच नाही.

माऊसवाल्या डोळस मंडळींना ते पटतंही. अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला पटत नाही. तो रंग-सावली बघत नाही, कोडमधली ओळख विचारतो, आणि तिथे आपण नुसता कप्पा. तो 'पैसे पाठवा' एवढं वाचतो; 'बटण' म्हणत नाही. ऐकणाऱ्या बाई ती सूचना समजून खरं बटण शोधत पानाच्या तळाशी पोचतात. कंपवातामुळे माऊस न धरता येणारे काका टॅब दाबत येतात, तर टॅब आपल्याला ओलांडून थेट 'अटी व शर्तीं'वर थांबतो. पैसे जावोत न जावोत, अटी वाचायची सोय चोख!

मग मला हाक येते. मी आपल्याला 'बटण' ही ओळख चिकटवतो, टॅबच्या रांगेत उभं करतो, एंटर आणि स्पेस शिकवतो. त्यातही खोच आहे: एंटरचं काम कळ दाबताक्षणी व्हायला हवं, स्पेसचं बोट उचलल्यावर. एवढ्या खटाटोपातून निघतं काय? एचटीएमएलमध्ये फुकट मिळणारं बटण! आपण ३.२ आवृत्तीतून जानेवारी १९९७ मध्ये अधिकृत झालात, ते ४.० मधून त्याच वर्षी डिसेंबरात. धाकट्याला हे सगळं उपजत येतं. म्हणून तर अपंगांना वेब वापरता यावं यासाठीच्या 'एरिया' मानकाचा पहिलाच नियम सांगतो, की तयार घटक असेल तर तोच वापरा. (नियम पहिला असल्यामुळे सगळे तो सोडून दुसऱ्यापासून वाचतात.)

मीटिंगमध्ये आपली बाजू घेणारे पुष्कळ. 'आपले अंध ग्राहक असे कितीसे?' बटण चालत नाही म्हणून ते येत नाहीत, येत नाहीत म्हणून बटण दुरुस्त होत नाही. हिशेब बिनचूक. २०११ च्या जनगणनेतले २ कोटी ६८ लाख अपंग नागरिक बहुधा दुसऱ्या कुणाचे तरी ग्राहक असावेत.

२०१६ चा अपंग हक्क कायदा झाला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ई-केवायसीसाठी पापण्यांची उघडझाप करून दाखवा, असं ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांनाही सांगितलं जात होतं, त्यावरचा तो निकाल. आमच्याकडे त्याची पीडीएफ तत्परतेने फिरली. स्कॅन केलेली होती. रीडरला एक अक्षर वाचता आलं नाही.

तरी विनंती, की पुढच्या रिलीजआधी आपण मूळ कामावर रुजू व्हावं आणि जागा धाकट्याला द्यावी. तो रंगरूपाने आपल्यासारखाच सजतो. डिझायनरांना फरक कळणारही नाही.

आपला ऋणी,
एक ॲक्सेसिबिलिटी इंजिनिअर

ता. क. उत्तरासाठी एंटर दाबण्याची तसदी घेऊ नये. आपल्याला ते येत नाही, कल्पना आहे.