लाल का झालं?

कासारसाईचं धरण मारुंजीपासून जवळ, हिंजवडीच्या काचेच्या इमारती त्याहून जवळ. आमच्या सोसायटीत पाणी मात्र टँकरने येतं. कमिटी बदलली तेव्हा जुन्या सेक्रेटरीकाकांनी माझ्या हवाली तीन गोष्टी केल्या: गच्चीची किल्ली, टँकरवाल्याचा नंबर आणि एक्सेलमधली ‘टँकर शीट’. किल्ली लागते. टँकरवाला कधीकधी फोन उचलतो.

शीटमध्ये रोजच्या खेपा लिहिलेल्या. सहा खेपांचा मंगळवार लालबुंद, नऊ खेपांचा रविवार पांढराशुभ्र. सोसायटी आयटीवाल्यांची, त्यामुळे मीटिंगमध्ये प्रश्न आलाच, “निकष काय?” काकांना फोन लावला.

“अहो, जास्त झालं की लाल होतं.”

“जास्त म्हणजे किती, काका?”

“ते शीटला माहीत आहे.”

मग रात्री मॅक्रो लिहायला बसलो. आधी सेललाच विचारलं, बाबा रे, तुझा रंग कोणता? इंटिरिअर.कलरने उत्तर दिलं 16777215, म्हणजे पांढरा. समोर ढळढळीत लाल आणि म्हणे पांढरा! ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत भांडी आपटणारी माणसं प्रत्येक घरात असतात, त्यातलाच प्रकार. दिसतो तो रंग कबूल करणारं डिस्प्लेफॉरमॅट एक्सेलमध्ये 2010 साली आलं. पण तेही नुसता रंग सांगतं. कारण हवं तर फॉरमॅटकंडिशन्स उकरावं लागतं.

उकरलं. रंग ठरवणारे 214 नियम निघाले! 2003च्या आवृत्तीपर्यंत एका सेलला तीनच अटी घालता येत. (तीन अटींत आपल्याकडे लग्नही जमत नाही.) 2007 साली ते बंधन सुटलं, आणि काका रोज कालची ओळ कॉपी करून आज चिकटवत राहिले. आकड्यांबरोबर नियमही चिकटत गेले. ते एकेक वाचताना मॅक्रो मध्येच 438 नंबरची एरर देऊन आडवा झाला. काकांनी हौसेने एक निळी डेटा बार टाकली होती. तिला अट सांगणारा फॉर्म्युला1 नसतोच. आधी प्रकार विचारायचा, मग फॉर्म्युला, हे तेव्हा कळलं.

नकला आणि ती निळी बार वगळली तर पाचच नियम उरले. एरवी सातच्या वर लाल. जून ते सप्टेंबर पाचच्या वर लाल, कारण तेव्हा बोअरला पाणी असतं. या दोन्हींच्या वर रविवार: रंग काही नाही, फक्त ‘स्टॉप इफ ट्रू’, म्हणजे खालचे नियम बघायचेच नाहीत. सगळ्यांचे कपडे त्याच दिवशी, तेव्हा माफ. मग 7 ते 17 सप्टेंबर 2024, गणपती, तेही माफ. आणि सगळ्यात वर, प्राधान्य क्रमांक एक, मे महिन्यातला एकच शनिवार. खेपा चौदा, रंग पांढरा. काकांच्या मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड त्या दिवशी आमच्याच क्लबहाउसमध्ये उतरलं होतं. जिलेबी मीही दोनदा घेतली होती.

नव्या गणपतीच्या तारखा मॅक्रोने घालताना कर्सर भलत्याच सेलवर होता, त्यामुळे माफी एक ओळ खाली सरकली आणि चतुर्थीच लाल झाली. ते निस्तरलं. नकला उडवल्या. लग्नाच्या शनिवारावर मात्र डिलीटचं बोट थांबलं.

पुढच्या मीटिंगमध्ये निकष वाचून दाखवला: एरवी सात, पावसाळ्यात पाच, रविवार आणि गणपती माफ. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या शनिवारचं कुणी विचारलं नाही, आणि मीही शीट तेवढी खाली सरकवली नाही.