उंचीवाले भाऊ

बोईसरच्या भाऊंची स्विफ्ट वर्षातून दोनदा उंची बदलते. मृग लागला की स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसतात, कारण तारापूर एमआयडीसीकडच्या खड्ड्यांपुढे कंपनीचा १६३ मिलिमीटर क्लिअरन्स भाऊंना ‘कागदावरचा’ वाटतो. दिवाळी आली की बफर निघतात आणि पुतण्याच्या हट्टापायी आखूड स्प्रिंगा चढतात. मग चिंचणीच्या किनाऱ्याकडे जाताना प्रत्येक गतिरोधकावर गाडीतली माणसं उतरवावी लागतात.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलात फेरफार चालणार नाहीत असं बजावलंय, हे शेजारच्या वकिलांनी कानावर घातलं. भाऊ म्हणाले, “बफर म्हणजे फेरफार नव्हे, टेकू.”

खरी गंमत अलाइनमेंटची. ती भाऊ उंची बदलण्याच्या आदल्या दिवशी करून घेतात. “घरावर मजला चढवला म्हणून दार दुसरीकडे तोंड करतं का?”

नवापूर नाक्याजवळच्या अलाइनमेंटवाल्या पोऱ्याने एकदा गाडी वर चढवून त्यांना खालून दाखवलं. लोअर आर्म आणि टाय रॉड, दोघं आपापल्या टोकावर झुलतात, पण दोघांची वर्तुळं वेगळी. बॉडी वर गेली किंवा खाली आली की दोघांचे कोन बदलतात, तेही सारखे नाहीत. त्या फरकात टाय रॉड चाकाला खेचतो नाहीतर ढकलतो, आणि दोन्ही चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला रोख, बिघडतो. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, तोही सरकतो. टो हा टाय रॉड फिरवून जमवता येतो. कॅम्बरसाठी या गाडीला पुढे वेगळी सोयच नाही. म्हणून आधी उंची, मग स्प्रिंगा बसेपर्यंत थोडं चालवणं, आणि शेवटी अलाइनमेंट.

भाऊंनी चहा संपवला. “पोरा, तुझं मशीन कुठल्या सालचं रे?”

तेव्हापासून उमरोळीवरून पालघरला सरळ जायचं तरी भाऊंचं स्टेअरिंग तिरपं असतं. मनोरला हायवेवर चढलं की गाडी डावीकडे ओढते. ते खाडीच्या वाऱ्यामुळे. टायरवर एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर बोटाला टोचतं. ते हल्लीच्या रबरामुळे. पावसाळ्यात गाडी उंच, तेव्हा टायरची बाहेरची कड जाते. थंडीत बुटकी, तेव्हा आतली. हे ध्यानात आल्यावर तर भाऊ फारच खूश झाले. “वर्षाअखेर दोन्ही कडा समान! याला म्हणतात पूर्ण वापर.” (नवे टायर दरवर्षी लागतात, हा विषय त्यांच्या घरी फक्त वहिनी काढतात.)

परवा पोऱ्याने हात जोडले. “भाऊ, एकदाची काय ती उंची ठरवा आणि मगच या.”

“ठरलीय की,” भाऊ म्हणाले. “पावसाळी सांगू का दिवाळीची?”