आधी पत्रा, मग सोफा

"बाई, कळलं का? डोंबिवलीकरांचा सोफा आला."

"सोफा? आणि शेड?"

"शेड कुठली! वर स्लॅब उघडा आणि खाली पांढराशुभ्र सोफा. इंग्रजी एल असतो ना, तसला. पाखाडीवरून वर न्यायला चार गडी लागले. मी मोजले."

काकूंनी कोयती गडग्यावर ठेवली, म्हणजे आता निदान अर्धा तास तरी झावळ्यांना हात लागणार नव्हता. आमच्या दोन आवारांमध्ये जांभ्याचा छातीइतका गडगा आहे. दापोली तालुक्यातली बातमी तहसीलदारांच्या आधी या गडग्यावर येते, हे मी शाळेत असतानाही बघत होते आणि निवृत्त झाल्यावर तर त्यात माझाही वाटा असतो.

डोंबिवलीकर म्हणजे खरं तर इथलेच. आजोबांचं कौलारू घर कोसळून नुसता चौथरा उरला होता. यांनी नोकरी संपल्यावर तिथे स्लॅबचं घर बांधलं आणि अक्षयतृतीयेला वास्तुशांत केली. नवराबायको दोघंच, मुलगा परदेशात. माणसं चांगली आहेत, जिलबी भरपूर वाढली. पण काकूंना जेवणापेक्षा घर बघण्यात रस होता आणि त्यांनी ते न्हाणीघरापासून स्लॅबपर्यंत बघून घेतलं होतं.

"माळाच नाही त्या घराला," काकू म्हणाल्या. "आगोट भरायची कुठे? तांदूळ, कांदे, आमसुलं, लाकडं? सगळं त्या सोफ्यावर?"

"दापोलीच्या बाजारातून आणतील की. आता कोण चार महिन्यांचं भरतं?"

"तू भरतेस. मी भरत्ये. दरड आली, रस्ता बंद झाला, की बाजार कुठला?" काकू पुढे सरकल्या. "आणि पश्चिमेची भिंत पाहिलीस? भिंत नाहीच. जमिनीपासून वरपर्यंत काच. म्हणे समुद्र दिसतो."

"दिसतो की. सुंदर दिसतो."

"आता दिसतो. जूनमध्ये पाऊस दिसेल, आणि तो खोलीच्या आत असेल."

काकूंची जीभ तिखट आहे, पण हिशेब चुकत नाही. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तो सरळ खाली पडत नाही, नैर्ऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून तर जुन्या घरांच्या वळचणी तीन-तीन फूट पुढे काढलेल्या असत आणि पश्चिमेच्या पडवीला झापं बांधत. नव्या घराच्या नकाशात वळचण नव्हती. ती काढली तर पुढून घर दबल्यासारखं दिसतं, असं नकाशा काढणाऱ्याने सांगितलं होतं. तो पुण्याहून आला होता. पावसाळ्यात आला नव्हता.

एवढ्यात खुद्द डोंबिवलीकर वहिनीच पाखाडी उतरून आल्या. हातात वही.

"काकू, बाई, बऱ्या भेटलात. जरा विचारायचं होतं. घराचं पुढचं काय काय करायचं त्याची यादी केलीय. पैसे आता मोजकेच उरलेत. सगळं होणार नाही. आधी काय घेऊ ते सांगा."

अशी संधी काकूंना वर्षानुवर्षांत मिळाली नसेल. त्यांनी पदराला हात पुसले आणि वही घेतली. चष्मा नसल्यामुळे ती लगेच माझ्याकडे आली. मी वाचायला लागले. मागच्या अंगणात लाकडी डेक. मॉड्युलर किचन. न्हाणीघरात रेन शॉवर. भांडी धुण्याचं मशीन. छपरावर सोलर. झोपाळा. शेवटी पेन्सिलीने इन्व्हर्टर, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

"रेन शॉवर म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"डोक्यावरून पावसासारखं पाणी पडतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"अगो, तो तुला फुकट मिळणारे," काकू म्हणाल्या. "पत्रा घातला नाहीस तर दिवाणखान्यात मिळेल. यादीत पत्रा कुठेय?"

"वॉटरप्रूफिंग केलंय ना काकू. दहा वर्षांची गॅरंटी आहे."

"गॅरंटी कपाटात असते. पाणी स्लॅबवर साचतं."

मग मला मधे पडावं लागलं. म्हटलं, वहिनी, इथे गावभर स्लॅबवर पत्र्याची शेड दिसते ती हौसेपोटी नाही. मे महिन्यात स्लॅब तापतो, त्याला केसासारख्या चिरा जातात, आणि मग चार महिने त्यावर पाणी. आतली सळई गंजायला वेळ लागत नाही, त्यात समुद्राचा खारा वारा. शेड असली की स्लॅब वाचतो, घर गार राहतं आणि कपडे, लाकडं, सोललेले नारळ ठेवायला जागा होते. पावसाळ्यात कपडे वाळवायचे कुठे, हा प्रश्न डोंबिवलीच्या गॅलरीत वेगळा असतो आणि इथे वेगळा. पण पत्रा नुसता घालून भागत नाही, तो घट्ट बांधायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. ढिले पत्रे आवारं ओलांडून गेले.

"एक माझ्या हापूसवर आला," काकू म्हणाल्या. "कोणाचा ते अजून कोणी कबूल करत नाही. मला माहित्ये."

कोणाचा ते त्यांनी लगेच सांगितलंही, पण ते इथे लिहीत नाही.

"वादळानंतर वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती," मी म्हटलं. "म्हणून ते इन्व्हर्टरपुढचं प्रश्नचिन्ह खोडा."

"पण सोलर घेणारच आहोत. मग इन्व्हर्टर कशाला?"

हा गैरसमज फार जणांचा असतो, आणि तो महागात पडतो. सरकारी अनुदानात बसतं ते छपरावरचं सोलर साधारणपणे महावितरणच्या लाइनीला जोडलेलं असतं. लाइन गेली की ते आपोआप बंद होतं, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज लागू नये. भर उन्हात, छपरावर पाट्या चकाकत असतानाही घरात पंखा बंद. बिल कमी होतं हे खरं. अनुदानही चांगलं आहे, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत. पण वीज गेल्यावर दिवा लागायला हवा असेल तर बॅटरी लागते. पावसाळ्यात इथे ती लागतेच.

"आणि अर्थिंग बघून घ्या," मी म्हटलं. "जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून नीट केलेलं नसलं तर फ्रिज, टीव्ही, पंप सगळं जातं."

वहिनी लिहून घेत होत्या. चेहरा जरा उतरला होता. मला वाईट वाटलं, काकूंना नाही.

"विहिरीला रहाट आहे?"

"पंप आहे ना काकू."

"वीज नसली की पंप काय करतो?"

वहिनींनी 'रहाट' लिहिलं.

पाण्याची गोष्ट मात्र मी त्यांना निवांत सांगितली, कारण बाहेरून येणाऱ्याला ती पटत नाही. एवढा पाऊस पडतो तिथे पाण्याची काय चिंता, असं वाटतं. जांभा म्हणजे चाळणी. आत गेलेलं पाणी डोंगराच्या पोटातून समुद्राकडे जातं आणि एप्रिल-मेमध्ये वाड्या-वाड्यांवर टँकर फिरतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात सव्वातीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे बत्तीस टँकर. त्यातलं सगळं कोणी साठवू शकत नाही, पण शेडला पन्हळ लावून एखादी मोठी टाकी बांधली तर दोघांचं उन्हाळ्यातलं प्यायचं-रांधायचं भागतं. म्हणजे पत्रा, पन्हळ, टाकी हा एकच खर्च धरायचा.

"किचन तरी करू का?" वहिनींनी जरा घाबरतच विचारलं.

"लाकडाच्या भुशाच्या फळ्या असतील तर नको," काकू म्हणाल्या. "माझ्या भाचीने केलंन. पहिल्या श्रावणात दारं फुगली, दुसऱ्या श्रावणात बुरशी. आता आतल्या डब्यांना गोकर्णाच्या फुलासारखा रंग आलाय. कडप्पा घाल. सरळ कडप्प्याच्या मांडण्या, पुढे पडदा. झुरळ दिसतं तरी."

इथे मी काकूंशी अर्धीच सहमत आहे. मरीन प्लाय घेतलं, कपाट बाहेरच्या भिंतीला न चिकटवता थोडं पुढे ठेवलं, तर चालतं. पण एक पावसाळा राहून बघितल्याशिवाय कुठली भिंत ओल धरते ते कळत नाही, आणि ते कळण्याआधी भिंतीला कायमचं काही ठोकू नये. रंगसुद्धा आतून पुढच्या वर्षी दिला तरी बिघडत नाही.

"मग भांडी धुण्याचं मशीन काटते," वहिनी म्हणाल्या.

"काटच," काकू म्हणाल्या. "दोन माणसांची भांडी ती काय!"

मी म्हटलं, काकू, थांबा. वहिनींच्या हाताकडे मी वास्तुशांतीच्या दिवशीच बघितलं होतं. बोटांचे सांधे सुजलेले, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरत होत्या. गावात भांड्याला बाई मिळत नाही. ज्या होत्या त्या आता किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत कामाला जातात, आणि त्यांनी का जाऊ नये? मशीनला एका फेरीत दहा-बारा लिटर पाणी लागतं, नळाखाली भांडी घासताना त्याहून जास्त जातं. ते सोफ्याच्या आधी यायला हवं होतं.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बरं, राहू दे. हात दुखतो तेव्हा मलासुद्धा कळतं. झोपाळा कोणाला हवाय?"

"यांना. म्हणतात, लहानपणी आजोबांच्या पडवीत होता."

"झोपाळा पहिला," काकूंनी निकाल दिला. "दुपारी तीन वाजता वीज नाही, पाऊस थांबत नाही, पेपर आलेला नाही, तेव्हा निवृत्त नवरा घरात कुठे ठेवायचा? सगळ्यात मोठी गरज आहे ती."

यावर मी काही बोलले नाही. आमच्याकडे झोपाळा आहे.

राहता राहिला डेक. तो मागच्या अंगणात, समुद्राच्या बाजूला. मी सहज विचारलं, मग शोषखड्डा कुठे घेतलात? नकाशात तो मागेच होता, हे मला गवंड्याकडून कळलं होतं.

"तो पुढे घेतला. डेकला जागा राहावी म्हणून."

"पुढे म्हणजे? विहिरीजवळ?"

"बऱ्यापैकी लांब आहे. पंचवीस-तीस फूट असेल. कंत्राटदार म्हणाला चालतं."

काकूंनी कोयती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. गडग्यावर एवढी शांतता सहसा नसते.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान अठरा मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. हा काकूंचा नियम नाही, बांधकामाच्या भारतीय मानकातला आहे. जांभ्याच्या जमिनीत तर त्याहूनही लांब असलेला बरा, कारण पाऊस लागला की सगळं पाणी आतल्या आत एकमेकांत जातं. वरच्या वाडीत एका घरी तीन वर्षं दर जुलैत कावीळ निघत असे. विहीर उपसली, पाण्यात औषध टाकलं, आणि चौथ्या वर्षी कोणीतरी खड्डा आणि विहीर यांच्यामध्ये टेप धरली.

हे सांगताना आवाज चढवायची गरज पडली नाही. वहिनींनी वही मिटली आणि डोंबिवलीकरांना फोन लावला. पलीकडून आधी "पण डेक..." असं काहीतरी ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही, मग "बरं."

आता परिस्थिती अशी आहे. मृग ७-८ जूनला लागतो. पत्रेवाला मेच्या शेवटच्या आठवड्यात नवं काम धरत नाही, त्याला काकूंनी स्वतः फोन करून २० तारखेला यायला लावलंय. गवंडी उद्यापासून मागच्या अंगणात, डेकच्या आखलेल्या जागी, शोषखड्डा खणायला घेतो. जुना खड्डा उपसून, चुना टाकून बुजवायचा. रहाट काकूंच्या माळ्यावरचा, तो त्या उसना देणार आहेत, दिवाळीपर्यंत. इन्व्हर्टर आणि झोपाळ्याच्या कड्या दापोलीहून एकाच टेम्पोत येतील. मशीन पुढच्या महिन्यात. किचन आणि रंग पुढच्या वर्षी. सोफा दुकानदार परत घेत नाही.