मॅपिंगकाका

हिंजवडीतल्या कुठल्याही जुन्या जावा प्रोजेक्टमध्ये एक मॅपिंगकाका असतातच. तोंडावर सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, कँटीनमध्ये ‘काका’. पन्नाशीला टेकलेले, शर्ट खोचलेला, डब्यात पोळीभाजी आणि खिशात लवंग. व्हिजिटिंग कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापलेलं असतं. प्रत्यक्षात ते दिवसभर एक्सएमएलच्या फाइली सांभाळतात.

या फाइलींचं काम म्हणजे सोयरीक जुळवणं. एका बाजूला डेटाबेसमधली टेबलं, दुसऱ्या बाजूला जावातले क्लास, आणि कुठला कॉलम कुठल्या फील्डशी जुळतो ते सांगणारी मधली फाइल. गॅविन किंगने २००१ साली हायबरनेट सुरू केलं, तेव्हापासून हा कारभार चालू आहे. प्रोजेक्ट एकसंध असेल तर फारसं काही बिघडत नाही. पण पॉलिसीचं मॉड्यूल वेगळं, क्लेमचं वेगळं, एजंटांचं वेगळं, प्रत्येकाची जार वेगळी आणि मॅपिंग ज्याच्या त्याच्या पोटात, असं झालं की काकांशिवाय पान हलत नाही. ते हलू नये याचीही काका थोडी काळजी घेतात, असा आमचा जुना संशय आहे.

कोणी एरर घेऊन आलं की काका स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत. “जार उघडलीस का?” हा पहिला प्रश्न. जार म्हणजे शेवटी झिपच, तेव्हा ती उघडायची आणि फाइल आत आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. “लिहिली म्हणजे पोचली असं नसतं, बाळा.” आणि बहुतेक वेळा ती पोचलेली नसतेच. कुणीतरी सोयीचं म्हणून मॅपिंगची फाइल क्लासच्या शेजारीच, जावाच्या फोल्डरात ठेवलेली असते. मेव्हन तिथून फक्त जावा उचलतो. बाकीचं सामान रिसोर्सेसच्या फोल्डरात नसेल तर त्याच्या लेखी ते नाहीच. हे काकांनी टीममधल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलेलं आहे, काहींना लिफ्टमध्ये.

दुसरा प्रश्न स्टारचा. मागे एका नव्या मुलीने क्लेमचं मॉड्यूल जोडलं. तिच्या मशीनवर ते एकटं छान चालत होतं. सगळी मॉड्यूल्स एकत्र आली की हायबरनेट म्हणे, हा क्लेम कोण, आम्ही ओळखत नाही. बिचारीने सकाळपासून सगळं उलटंपालटं केलेलं. काका चहाचा कागदी कप घेऊन मागे उभे राहिले.

“पाथ वाच. मोठ्याने वाच.”

“क्लासपाथ, कोलन, मॅपिंग, स्लॅश, स्टार, डॉट एचबीएम...”

“थांब. स्टार कुठेय?”

“आहे की सर, शेवटी.”

“शेवटी आहे. आणि क्लासपाथच्या पुढे?”

नव्हता. तिथे स्टार नसला की फाइली शोधणाऱ्या स्प्रिंगला पहिल्या जारमध्ये ‘मॅपिंग’ नावाचं फोल्डर सापडतं आणि तो तिथेच समाधानी होतो. उरलेल्या जारांकडे ढुंकून बघत नाही. मुलीने स्टार टाकला, क्लेम सापडला. काकांनी कप चुरगाळला आणि काही न बोलता जागेवर गेले. ते न बोलणं दुपारभर सगळ्या मजल्याला ऐकू येत होतं.

फाइलीऐवजी क्लासमध्येच मॅपिंग लिहायच्या अॅनोटेशनचा विषय मात्र त्यांच्यापुढे जपून काढावा. जावा ५ मधून ती २००४ साली आली, जेपीएने २००६ मध्ये तीच वाट धरली. काकांसाठी ती अजून ‘नवीन फॅशन’ आहे. एकाच क्लासला अॅनोटेशनही असेल आणि मॅपिंगची एचबीएम फाइलही, तर कुणाचं ऐकायचं? हायबरनेटची मूळची सेटिंग आधी फाइलीला मान देते, हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते पगारवाढीच्या दिवशीही दिसत नाही. पुढे २०२२ मध्ये हायबरनेट ६ ने या फाइली कालबाह्य ठरवल्या. एका आगाऊ पोराने ते पान त्यांना पाठवलं. काकांचं उत्तर आलं, “कालबाह्य म्हटलंय, बंद नाही. मीपण तसाच आहे.”

टेबलं आपोआप बनवायच्या सेटिंगमध्ये ‘क्रिएट’ हा शब्द दिसला की ते अस्वस्थ होतात. सर्व्हर सुरू होताना तो जुनी टेबलं उडवून नवी कोरी करतो, आत ग्राहकांचे हप्ते असले तरी. म्हणून रिलीजच्या आधी ते स्क्रीनवर बोट ठेवून ‘व्हॅलिडेट’ असं वाचतात. मग शेजारच्याला वाचायला लावतात.

कंपनीच्या स्नेहसंमेलनात काकू भेटल्या होत्या. घरातल्या प्रत्येक डब्यावर नाव चिकटवलंय म्हणे. त्यांनी एकदा रव्याच्या डब्यात साबुदाणा भरला तर यांचा उपमा राहिला बाजूला आणि अर्धा तास व्याख्यान झालं. साताऱ्याला भाच्याच्या लग्नात तर हातात अक्षता, कानाला फोन. भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि मांडवात काकांचा आवाज घुमला, “अरे, पर्सिस्टन्स एक्सएमएलमध्ये जार-फाइल लिहिलीस का?” लिहिली नव्हती. काकू हे सांगताना वैतागल्या होत्या, पण ‘लिहिली नव्हती’ म्हणताना आवाजात थोडा अभिमानही होता.

त्यांचा खरा दोष एकच. कुठल्या मॉड्यूलमध्ये कुठली फाइल, ती कुणावर अवलंबून, कुठल्या फाइलीचं पहिलं अक्षर कॅपिटल (विंडोजवर चुकलं तरी खपतं, लिनक्सच्या सर्व्हरवर नाही), याची एक एक्सेल त्यांच्याकडे आहे. रंग दिलेली, तारीखवार, अप्रतिम. आणि ती फक्त त्यांच्या लॅपटॉपवर आहे.

तुमच्या टीममध्ये असे काका असतील तर ते रिटायर व्हायच्या आत ती एक्सेल मागून घ्या. मागितली की देतात. आधी अर्धा तास स्टारबद्दल ऐकून घ्यावं लागतं, एवढंच.