न आणि दगड

आमच्या गावाची फाळणी झाली तेव्हा मी पोहे खात होतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात वाढलेल्या माणसाला हद्द, वाद, फाळणी हे शब्द घरच्या कपबशांइतके ओळखीचे असतात, त्यामुळे मी काही बशी सोडून उठलो नाही. उजवा हात पोह्यांत होता. डाव्या हाताची दोन बोटं कंट्रोल आणि उजव्या बाणावर. स्क्रीनवर एकच शब्द, नंदगड. एका उडीत कर्सरनं गाव ओलांडायला हवं होतं. तो 'न'पाशी थबकला. पुन्हा दाबलं, तेव्हा उरलेलं गाव पार झालं. म्हणजे यंत्राच्या मते खानापूर तालुक्यातलं आमचं नंदगड हा एक शब्दच नव्हे. ते दोन आहेत. एक 'न', आणि दुसरा 'दगड'.

आज्जीला सांगितलं. ती चुलीपुढून म्हणाली, "दगड म्हणालंय ते खरंच की. पण न कशाला लावलंय?"

माझा धंदा सांगणं हे मोठं अवघड काम आहे. मी एडिटर तपासतो. पुण्याहून घरी येऊन काम सुरू केलं तेव्हा गावात असं पसरलं की पोरगा वर्तमानपत्रांच्या संपादकांची झडती घेतो. त्या दिवसांत दोन-तीन जणांनी मला आदरानं चहा पाजला. पुढं कळलं की हा एडिटर म्हणजे संगणकावर लिहायचं साधन, आणि चहा बंद झाला. तात्या, म्हणजे माझे थोरले काका, एकदा तासभर मागं उभे राहून बघत होते. पडद्यावर कर्सर आपोआप टुणटुण उड्या मारत होता.

"काय करालास रे?"

"बाणाचं बटण दाबल्यावर कर्सर नीट शब्दाच्या कडेला थांबतोय काय बघालोय, तात्या."

"तू कुठं दाबालास? हात तर मांडीवर हाईत तुझे."

"मिशीन दाबालंय. मी ते बरोबर दाबलं काय तेवढं बघालोय."

"आणि ह्याचा पगार देतात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी दर महिन्याच्या एक तारखेपर्यंत पुढं ढकलतो.

स्वयंचलित चाचणी म्हणजे मुळात अगदी सोपी गोष्ट. तीन ओळी लिहायच्या. पहिलीत मजकूर, कर्सर जिथं असेल तिथं उभी रेघ. दुसरीत कोणती कळ दाबायची ते. तिसरीत रेघ कुठं जायला हवी ते.

|नंदगड बाजार
कंट्रोल + उजवा बाण
नंदगड| बाजार

यंत्र स्वतः कळ दाबतं, स्वतः बघतं आणि हिरवं किंवा लाल दाखवतं. अशा शेकडो चाचण्या रात्रभर चालतात. कुणी एडिटरमध्ये कुठंतरी खिळा ठोकला आणि त्यानं दुसरीकडची फळी निखळली, तर सकाळी लाल दिसतं. लाल दिसलं की माझा दिवस सुरू.

आता तिसऱ्या ओळीवरूनच जगात दोन पंथ आहेत. मॅकवर आणि इमॅक्स ह्या एडिटरमध्ये उडी शब्द संपतो तिथं थांबते. विंडोजवर ती पुढच्या शब्दाच्या दारात जाऊन थांबते. बसच्या चालकांसारखंच आहे हे. एक जण थांब्याच्या अलीकडे उतरवतो, दुसरा थांबा ओलांडून पुढच्या गटारापाशी. विम ह्या एडिटरमध्ये दोन्ही सोयी आहेत, 'डब्ल्यू'नं पुढच्या दारात आणि 'ई'नं शब्दाच्या शेवटाला. शिवाय तिथं लहान डब्ल्यू आणि मोठा डब्ल्यू असाही भेद आहे. लहान डब्ल्यू स्वल्पविरामालाही अडखळतो. मोठा डब्ल्यू फक्त मोकळी जागा मानतो, मधलं काहीही असो. आमची आज्जी बोलायला लागली की मोठी डब्ल्यू असते.

पण नंदगडाचं दुखणं निराळं. असल्या एडिटरच्या पोटात प्रत्येक वर्णाला एक वर्ग दिलेला असतो. हे शब्दातलं, हे विरामचिन्ह, ही मोकळी जागा, हा कंस. मराठीत सांगायचं तर प्रत्येकाकडं रहिवासी दाखला लागतो. ज्याच्याकडं 'शब्दातला' असा दाखला आहे तो आत, बाकी सगळे शिवेबाहेर. युनिकोड ह्या जगभरच्या लिपिसंकेतानं न, द, ग, ड ह्यांना 'अक्षर' म्हणून दाखला दिलाय. अनुस्वाराला मात्र 'चिन्ह' म्हटलंय. काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळे चिन्ह. आणि एडिटर लिहिणाऱ्यानं नियम केलेला असतो की शब्द म्हणजे अक्षरं आणि अंक. मग टिंबाला कोण विचारतो? पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्यांतसुद्धा हेच होतं. तिथं 'शब्दातले वर्ण' असं मागितलं की मात्रा गळतात. युनिकोडची स्वतःची शिफारस आहे की चिन्हंही शब्दात धरा, पण शिफारशी किती जण वाचतात हे सीमाभागाला निराळं सांगायला नको.

मी पोहे संपवून आजूबाजूची गावं तपासली. बेळगावचे तीन तुकडे झाले, ब, ळग आणि व. खानापूरचे चार, ख, न, प, र, म्हणजे गावात नुसती सुट्टी माणसं उरली. निपाणीचे न, प, ण, आणि पाणी पार गेलं. सगळ्यांत नशीबवान ठरली हलशी. गोव्याच्या कदंबांची ती एके काळची उपराजधानी, तिची शेवटची वेलांटी तेवढी कापली गेली, बाकी गाव शाबूत. पण शेजारचं प्रत्येक गाव मोडलं तरी त्यातून दुसरा अर्थ निघत नव्हता. आमचंच एक गाव असं, की मोडलं की शिवी होते.

कन्नडातही बघितलं. कन्नडचा अनुस्वार म्हणजे डोक्यावरचं टिंब नव्हे, शेजारी शून्यासारखा गोल बसतो. तरी युनिकोडच्या लेखी तोही चिन्हच. त्यामुळे कन्नडमधलं नंदगडसुद्धा बरोबर त्याच जागी फुटलं. १९५६ पासून दोन भाषांचं ज्या गावाबद्दल एकमत झालं नाही, त्या गावाबद्दल एका गोष्टीवर झालं. फक्त कन्नडमध्ये दगडाला कल्लु म्हणतात, त्यामुळे पलीकडच्यांना ह्यात हसण्यासारखं काही दिसणार नाही.

आता हा सगळा दोष परक्यांचा, असं म्हणायची सोय नाही. मात्रेला स्वतंत्र क्रमांक देऊन अक्षराच्या मागं ठेवायची व्यवस्था आपलीच. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्की नावाच्या भारतीय संकेताच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. संकेत केला तो विचारपूर्वकच, पण त्यात काना हा अक्षराचा अवयव न राहता अक्षराचा भाडेकरू झाला. आमच्या शाळेत काना विसरला की गुरुजी कान पिळायचे. तो उपाय संगणकाला लागू पडत नाही. कान नाहीत.

मी रीतसर तक्रार नोंदवली. शब्द मोडतोय, ही चाचणी, हा निकाल. दूरदेशीच्या एका भल्या माणसाचं उत्तर आलं, हा खरोखरचा शब्द आहे का? मी लिहिलं, शब्द नव्हे, गाव आहे, मी आत्ता तिथंच बसलोय. त्यावर त्यानं विचारलं की ह्याहून जास्त वापरातलं उदाहरण देता येईल का. रात्री जेवताना हे सांगितलं तर तात्यांचा घास हातात राहिला. "वापरातलं म्हणजे? इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला अठराशे एकतीस साली इथंच फाशी दिली. समाधी हाय. त्याला सांग, येऊन बघ म्हणावं."

तात्यांचा सल्ला मी निराळ्या अर्थानं मानला. संगोळ्ळी आणि रायण्णा हे दोन्ही शब्द चाचणीत घातले, आणि ते सोन्याचे निघाले. कारण त्यांत जोडाक्षरं आहेत. 'रायण्णा' लिहायला सात वर्ण लागतात. र, काना, य, ण, हलन्ताचं चिन्ह, पुन्हा ण, पुन्हा काना. माणूस वाचतो मात्र तीन अक्षरं, रा-य-ण्णा. बाणानं एकेक पाऊल टाकलं तर कर्सरची पावलं किती? युनिकोडच्या नियमानं बरीच वर्षं चार, कारण 'ण्'पाशी अडखळणं कायदेशीर होतं. २०२३ साली १५.१ आवृत्तीत देवनागरीसाठी नियम सुधारला आणि ण्णा एका पावलात आला. एवढं होऊनही मागं पुसायची कळ दाबली तर बऱ्याच ठिकाणी आधी नुसता काना जातो, ण्णा नाही. पुढचं पुसायची कळ दाबली तर अख्खं अक्षर जातं. येताना एकेक पैसा, जाताना गाठोडं, असा हा व्यवहार.

आठवडाभरानं दुरुस्ती आली. त्या भल्या माणसानं दाखले तपासण्याचा नाद सोडून देवनागरीच्या सगळ्या रकान्यालाच सरसकट आत घेतलं. गावात दाखल्यांचं शिबिर लागतं आणि एष्टीची वाट बघत उभा असलेला परगावचा पाहुणाही दाखला घेऊन जातो, तसं झालं. नंदगड जुळलं, निपाणीत पाणी आलं. चाचण्या हिरव्यागार. आईनं त्या दिवशी शिरा केला होता, त्याचा ह्याच्याशी संबंध नव्हता, पण मी लावला.

दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या लग्नाची पत्रिका तपासायला बसलो. वर '॥श्री॥'. उडी मारली तर दोन्ही दांडे आणि श्री एकाच शब्दात. कारण दांडाही त्याच रकान्यात राहतो. शब्दावर दोनदा टिचकी मारून मी 'श्री' मोठा करायला गेलो, तर दांडेही मोठे झाले आणि पत्रिकेच्या माथ्यावर देव खुंट्यांत कोंडलेला दिसू लागला. नवी चाचणी लिहिली, 'दांडा शब्दाबाहेर'. पुन्हा लाल.

त्याच लग्नाच्या खर्चाच्या यादीनं माझी झोप उडवली. आचाऱ्यांना द्यायचे पैसे, आचाऱ्यांसाठी तेल, आचाऱ्यांच्या बायकांना लुगडी. यादी कुणीतरी जुन्या पद्धतीनं टंकलेली होती, त्यात ऱ्य जमवायला र आणि हलन्त ह्यांच्या पुढं, यच्या आधी, एक न दिसणारा जोडवर्ण घालतात. दिसत नाही, मोजला जातो. आम्ही 'न दिसणारी घाण साफ करा' असा एक नियम चालवून बघत होतो. त्यानं तो वर्ण घाण समजून काढला. क्षणात सगळे आचारी आचार्य झाले. आचार्यांसाठी पंधरा किलो तेल. मावशीनं फोनवर विचारलं, "हे कोण रे आचार्य? आणि एवढं तेल कशाला पितात?" दऱ्यांचा दर्या होतो ते वेगळंच. खानापूरच्या जंगलात कुणी समुद्र बघायला आला तर त्याला मी जबाबदार.

शब्दाची कड नीट कळली नाही की काय होतं, त्याचं आणखी एक उदाहरण सांगतो. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं नाव सरकारदरबारी बेळगावी झालं. एकानं आपल्या मराठी मजकुरात सरसकट बदल केला, 'बेळगाव' दिसलं की तिथं 'बेळगावी'. 'पूर्ण शब्दच शोधा' ह्या चौकोनात खूण करायची राहिली. बेळगावकर मंडळी बेळगावीकर झाली. पण मुळात 'बेळगावी कुंदा' असं लिहिलेलं होतं, त्याला आणखी एक वेलांटी चिकटली. वेलांटीवर वेलांटी बसत नाही. बसायला अक्षर न मिळालेल्या मात्रेला संगणक ठिपक्यांचा एक गोल आणून देतो, उपाशी आलेल्याला पाट मांडावा तसा. कुंद्याच्या आधी तो पाट अजून मांडलेला आहे. मी त्याला चाचणीत ठेवलंय, पुसवत नाही.

दांडा बाहेर काढला, जोडवर्ण आत घेतला, मग जवळपास सगळं हिरवं झालं. जवळपास, कारण आमच्या धंद्यात हिरवं आणि लाल ह्यांखेरीज तिसरा रंग आहे, पिवळा. पिवळा म्हणजे प्रलंबित. काय व्हायला हवं तेच अजून ठरलेलं नाही, म्हणून चाचणी लिहून ठेवायची, चालवायची नाही. हा रंग मी तात्यांना समजावायला गेलो, तर ते म्हणाले, "कळलं की." सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. पिवळा रंग आमच्याकडं जन्मापासून कळतो.

त्या संध्याकाळी मी सगळं आटपून खानापूरला गेलो, परतीची शेवटची गाडी धरली. दारात उभा राहून कंडक्टर ओरडत होता, "नंदगडनंदगडनंदगडनंदगड!" मध्ये श्वास नाही, जागा नाही, स्वल्पविराम नाही. मोठ्या डब्ल्यूलासुद्धा कुठं थांबायचं ते कळलं नसतं. आत शिरलेल्या आज्या, पाट्या, कोंबड्या ह्यांना मात्र बरोबर कळत होतं. मी खिडकीशी बसून फोनमध्ये ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. घरी येऊन चाचणी केली. पहिली ओळ कंडक्टरची. दुसरी, कंट्रोल आणि उजवा बाण. तिसऱ्या ओळीत रेघ कुठं घालायची ते आज्जीला विचारलं.

"एकदा म्हणालाय काय चारदा?"

"चारदा."

"मग तो दमला कुठं?"

"दमला न्हाई गं."

"मग मला काय विचारालास? त्याला विचार की."

कंडक्टर पुढच्या पाळीला दुसऱ्या रस्त्यावर गेला. चाचणी पिवळी आहे.