खराब रस्ता बचाव समिती

उत्तर फ्रान्समध्ये काही सज्जन मंडळी फावडी-घमेली घेऊन बाहेर पडतात आणि रस्ता खराबच राहील याची काळजी घेतात. 'पॅरिस-रूबेचे मित्र' असं त्यांच्या संस्थेचं नाव. निखळलेला दगड परत बसवायचा, चिखल उपसायचा, पण डांबराचा थेंब पडू द्यायचा नाही. आपल्याकडेही रस्ते खराब राहतात, पण त्यात असा सेवाभाव कुठे?

हा खटाटोप पॅरिस-रूबे या एका दिवसाच्या सायकल शर्यतीसाठी. १८९६ पासूनची ही शर्यत. नावात पॅरिस आहे, पण १९७७ पासून ती सुटते काँपिएन्यहून. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि त्यातले पन्नासाहून जास्त दगडी शेतवाटांचे. सायकल मात्र लाखांतली.

टीव्हीचे कॅमेरे आले तेव्हा वाटेवरच्या गावांतल्या महापौरांना लाज वाटली. अख्खा देश आपला रस्ता बघणार! भराभर डांबर पडलं. आयोजकांच्या तोंडचं पाणी पळालं. वाईट रस्ते शोधून दे, असं साकडं त्यांनी झाँ स्टाब्लिन्स्कीला घातलं. हा १९६२ चा जगज्जेता, आणि त्याआधी आरांबेर्गच्या खाणीतला कामगार. ज्या जमिनीखाली तो राबला होता, तिच्यावरचीच जंगलातली वाट त्याने सुचवली. १९६८ मध्ये ती शर्यतीत आली. दगडी टप्प्यांना आता तारे देतात, हॉटेलांना देतात तसे. रस्ता जितका भिकार, तितके तारे जास्त. आरांबेर्ग अर्थातच पंचतारांकित. १९९८ साली योहान म्युसेऊच्या गुडघ्याची वाटी तिथे फुटली, जखम इतकी चिघळली की पाय कापायची वेळ आली होती. २००० साली हाच गृहस्थ शर्यत जिंकला आणि पाय उचलून तोच गुडघा जगाला दाखवत अंतिम रेषेवर आला.

खेळाडू या वाटेवर फार वेगाने घुसतात, अशी पुढे ओरड झाली. समित्या बसल्या की मार्ग निघतोच. २०२४ मध्ये दगड सुरू होण्याआधी डांबरावर एक आडवळण घातलं. हाडं मोडायचीच, पण आत शिरताना सावकाश या, असा एकूण सुरक्षाविचार.

जिंकणाऱ्याला चषक म्हणून मिळतो दगड. शिवाय रूबेत शर्यत संपते तिथल्या खेळाडूंच्या जुन्या न्हाणीघरात त्याच्या नावाची पितळी पाटी लागते. (आपल्याकडे अशी पाटी लावून घ्यायला नुसता 'निधी' पुरतो, सायकल लागत नाही.) १९८१ चा विजेता बेर्नार इनो याने जिंकल्यावर शर्यतीला मनसोक्त शिव्या घातल्या. आयोजक खूश. असल्या नरकाची तक्रार करायला हरलेलाच आला, तर जाहिरात होणार कशी?

दगडांमधल्या गवतावर चाकं घसरू नयेत म्हणून अलीकडे आरांबेर्गला शेळ्या चरायला सोडल्या होत्या. या उपक्रमात पोटभर खाऊन, धडधाकट घरी गेलेल्या तेवढ्याच.