फास्ट आहे का?

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात जन्मलेल्या मुलाला आयुष्यात पहिली दोन विशेषणं कळतात ती 'चांगलं' आणि 'वाईट' नव्हेत. 'फास्ट' आणि 'स्लो'. चांगल्या-वाईटाचा विचार पुढे कधीतरी, बसायला जागा मिळाली की. माझ्या आजीला तर 'फास्ट' हा शब्द इंग्रजी आहे हे शेवटपर्यंत पटलं नाही. "इंग्रजी असता तर मला आला असता का?" हा तिचा बिनतोड सवाल. इंडिकेटरवर मराठीत 'जलद' आणि 'धीमी' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण डोंबिवलीच्या फलाटावर "ही जलद आहे का हो?" असं विचारणारा प्राणी मी अजून पाहिलेला नाही. जलद गाडी स्पीकरवरच्या बाईंची. आपली ती फास्ट.

या शब्दाचा अर्थ मला कळतो असा माझा समज होता. तो कराडच्या मामांनी मोडीत काढला. मामा एका लग्नासाठी डोंबिवलीला आले होते आणि आम्ही दादरला निघालो होतो. आम्ही एक गाडी सोडली तेव्हा मामा म्हणाले, "ही का सोडली?"

"स्लो होती मामा. मागून फास्ट येतेय."

फास्ट आली. मामांनी ती इंजिनापासून शेवटपर्यंत न्याहाळली. म्हणजे इंजिन शोधलं, ते नव्हतंच. मग म्हणाले, "आरं, मगाचीच दिसतीया की. डबं तसंच, रंग तसाच. हिचं मशीन मोठं असतंय का?"

"नाही मामा, मशीन तेच."

"मग डायवर जोरात मारतो?"

"तोही तोच. आज हिच्यावर, उद्या तिच्यावर."

"मग फास्ट कशापायी?"

"ही कोपर, मुंब्रा, कळवा, नाहूर, कांजुरला थांबत नाही."

मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजी हिला पळता येतंय असं न्हाई. मानसं टाकून जाता येत्यात, एवढंच."

हे इतकं सरळ आहे की इतकी वर्षं पास काढणाऱ्या आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. फास्ट म्हणजे वेगवान नव्हे. फास्ट म्हणजे काही लोकांसाठी न थांबणारी. डोंबिवली ते सीएसएमटी साधारण ४८ किलोमीटर, आणि फास्ट नि स्लोमध्ये फरक पंधरा-वीस मिनिटांचा. ही मिनिटं गाडीनं कमावलेली नसतात, ती कळव्याच्या आणि भांडुपच्या माणसांकडून उसनी घेतलेली असतात.

यातूनच आमच्याकडे स्टेशनांची उतरंड तयार झाली. ठाणेकर सर्वांत वर, कारण ठाण्याला सगळंच थांबतं. ठाण्याला तसा इतिहासही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे आणि ३४ किलोमीटर अंतर. तास-सवा तासात ती पोचली. आजची स्लो लोकलसुद्धा तेवढं अंतर कापायला जवळपास तासभर घेते, पण ते ठाणेकराला सांगू नये. त्या दिवशी ती एकच गाडी असल्यामुळे तिला कुणी फास्ट म्हटलं नाही. मागे टाकायला दुसरी गाडीच नव्हती.

ठाण्याखालोखाल कल्याण आणि डोंबिवली. कल्याण जंक्शन असल्यामुळे तिथला माणूस मुळातच जरा बाहेरगावी जायच्या तयारीत असतो. डोंबिवलीकराला तो आधार नाही. त्याच्याकडे फडके रोड आहे, गणेश मंदिर आहे आणि फास्ट आहे. दिव्याला फास्टचा थांबा मिळाला तो २०१६च्या डिसेंबरात आणि त्या दिवसापासून दिव्याच्या जागांच्या जाहिरातींची भाषा सुधारली. खरी गंमत ठाकुर्लीची. लोकलला वीज पुरवणारं रेल्वेचं पॉवरहाऊस अनेक वर्षं या ठाकुर्लीत होतं. ज्या गावच्या विजेवर गाड्या पळत होत्या त्या गावात फास्ट थांबत नव्हती, आजही थांबत नाही. एवढा सोशिकपणा संतांच्या चरित्रातही कमी सापडतो.

पूर्वी एक बरं होतं. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा हा बोगदा फास्टच्या प्रवाशाला कळवा-मुंब्रा दिसूच द्यायचा नाही. डब्यात अंधार व्हायचा, कानात घरघर भरायची आणि बाहेर आलं की एकदम दिव्याची खाडी. २०२२ साली नव्या मार्गिका सुरू झाल्या, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या अंगणातून जाऊ लागल्या. थांबत नाहीतच. पण आता दोन्हीकडची माणसं एकमेकांना बघतात. टाकून जाणं तेच, फक्त तोंडावर.

व्याकरणाच्या पुस्तकात विशेषणाला तरतमभाव असतो. आमच्या विशेषणालाही आहे: सेमी फास्ट, फास्ट, डबल फास्ट. सेमी फास्ट म्हणजे जिला सगळ्यांनाच टाकून जायचा धीर होत नाही. ती मुलुंडला थांबते, भांडुपला थांबते, आणि आतला डोंबिवलीकर प्रत्येक थांब्याला आपला खिसा कापल्यासारखं तोंड करतो. डबल फास्ट घाटकोपर, कुर्ल्यालाही भीक घालत नाही. तिच्यात चुकून चढलेला कुर्लेकर दादरला उतरून उलटा येतो तेव्हा स्लोवाला त्याच्या आधी घरी पोचून चहा पीत असतो.

आणि रविवार? रविवारी मेगाब्लॉक. "जलद मार्गावरील गाड्या धीम्या मार्गावर वळवण्यात आल्या आहेत" ही घोषणा झाली की सगळी जातव्यवस्था एका दिवसापुरती मोडते. फास्ट गाडी गुमान स्लोच्या रुळांवरून, स्लोच्या मागून, मान खाली घालून चालते. तेव्हा डब्यात हमखास कुणीतरी म्हणतं, "ही फास्टच आहे ना?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "आहे फास्टच. जरा स्लो चाललीय."

रोजच्या दिवसांतली फास्टही सरळ मिळते असं नाही. ती कल्याणहून भरून येते. त्यामुळे सकाळी अनुभवी डोंबिवलीकर आधी उलट दिशेनं कल्याणला जातो, तिथे गाडीत जागा धरतो आणि बसून मुंबईला निघतो. याला आमच्याकडे रिटर्न मारणं म्हणतात. फास्ट जाण्यासाठी आधी मागे जावं लागतं, हे तत्त्वज्ञान जगात इतरत्र मोठमोठी माणसं शिबिरं भरवून सांगतात. आमच्याकडे ते पासात येतं.

स्टेशनाबाहेर पडलं तरी विशेषण पाठ सोडत नाही. घरात पंखा फास्ट करतात, गॅस फास्ट करतात. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं फास्ट ठेवतात आणि ते फास्ट आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून उशिरा निघतात. मोबाइलचा चार्जर फास्ट असतो, मुलगा गणितात स्लो असतो. बिल्डिंगमधल्या एखाद्या मुलीबद्दल काकू आवाज खाली आणून "फार फास्ट आहे हो ती" म्हणतात. तिथेही वेगाचा संबंध नसतो. ती मुलगी काकूंसाठी थांबत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. मामांची व्याख्या इथेही चपखल बसते.

मग एक दिवस कापडाच्या दुकानात व्याख्या अडखळली. काकू लाल सुती साडी उजेडाला धरून, पदराचं टोक थुंकी लावलेल्या बोटानं चोळत विचारत होत्या, "कलर फास्ट आहे ना?" दुकानदार म्हणाला, "एकदम फास्ट. बादलीत टाका, हलणार नाही." म्हणजे गाडी न थांबता निघून गेली तर फास्ट आणि रंग आहे तिथेच चिकटून राहिला तरी फास्ट! जाणाराही फास्ट, न जाणाराही फास्ट.

डोंबिवलीत या दुसऱ्या अर्थाला फार मोठं पाठबळ आहे. इथल्या एमआयडीसीत रंग आणि रसायनांचे कारखाने आहेत, आणि रंगांच्या धंद्यात 'फास्ट रेड', 'फास्ट ब्लू' ही नावं रुळलेली आहेत. या परिसरात २०१४ साली हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाल्याची. दोन्ही बातम्या वाचून माझ्या ओळखीच्या एका निवृत्त केमिस्टनं फक्त एकच शेरा मारला होता, "रंग फास्ट असता तर रस्त्यावर आला नसता."

शब्दाच्या मुळाशी गेलं तर दुकानदारच खरा ठरतो. इंग्रजीत फास्टचा जुना अर्थ पक्का, घट्ट, न हलणारा. जोर लावून, नेटानं पळणं या वाटेनं वेगाचा अर्थ मागाहून आला. उपवासाचा फास्टही त्याच घराण्यातला, व्रताला घट्ट धरून राहणारा. आमच्याकडे मात्र एकादशीला "आज माझा फास्ट आहे" म्हणणारा माणूस साबुदाणा वडा, बटाट्याचा कीस आणि वरीचे तांदूळ यांना घट्ट धरून असतो. ठाणे स्टेशनाबाहेर कुंजविहारचा भला थोरला वडापाव पाहिला की तो नुसता उसासा सोडतो. फास्ट फूड आहे, पण फास्टला चालत नाही.

शाळेत असताना आम्ही 'फास्ट फ्रेंड' असायचो. हल्लीच्या मुलांना तो शब्द ठाऊक नाही, त्यांचे 'बेस्ट फ्रेंड' असतात. बेस्टपेक्षा वरचा उद्या कुणी भेटू शकतो. फास्ट म्हणजे पक्का रंग, धुतला तरी जायचा नाही. सकाळच्या गाडीतल्या ग्रुपांमध्ये ही जात अजून टिकून आहे. एकमेकांच्या घरचा पत्ता ठाऊक नसतो, पण डबा तोच, खिडकी तीच, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसणाराही तोच, आणि एखादा चार दिवस दिसला नाही तर फोनाफोनी होते. गाडी पहिल्या अर्थानं फास्ट, आतली माणसं दुसऱ्या अर्थानं. गर्दीच्या वेळी तर अगदी शब्दशः. सकाळी डोंबिवलीला चढलेला माणूस घाटकोपरपर्यंत हात वर घेऊ शकत नाही. नाक खाजलं तर ते दादरला खाजवायचं.

सरकारलाही हे विशेषण आवडतं. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून देशभर १,७३४ फास्ट ट्रॅक न्यायालयांची योजना आली. म्हणजे तीही एक वेगळी मार्गिकाच. काही खटले तिच्यावरून जाणार, बाकीचे स्लोच्या फलाटावर तारखा मोजणार. मग फेब्रुवारी २०२१मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आधी थोड्यांकडेच तो होता तेव्हा त्यांची वेगळी लेन होती, आणि पडघ्याच्या टोलनाक्यावर बाजूच्या रोखवाल्यांकडे काच खाली करून बघण्यात काय सुख होतं! सक्ती झाली, सगळेच फास्ट झाले आणि सुखच संपलं. मागे टाकायला कुणी नसेल तर फास्ट होण्यात राहिलंच काय? घोडबंदर रोडवर संध्याकाळी बघा. काचेवर 'फास्ट' चिकटवलेल्या शेकडो गाड्या एकमेकींच्या मागे पक्क्या उभ्या असतात, जुन्या इंग्रजी अर्थानं.

हे सगळं जमेला धरून मी एकदा बदलापूरच्या मित्राला मामांची व्याख्या ऐकवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली. तो रोज सीएसएमटीहून बदलापूर फास्ट पकडतो. कल्याणपर्यंत ती नाहूर, कळवा, ठाकुर्ली, सगळ्यांना ओलांडून येते. कल्याण सुटलं की मात्र विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, एकूण एक स्टेशन घेते. म्हणून मी त्याला म्हटलं, "तुझी गाडी अर्ध्या वाटेनंतर स्लोच की रे."

तो दुखावला. "छे, फास्टच आहे," म्हणाला, "फक्त सगळीकडे थांबते."